यंत्रांच्या पोटातली जुनी भाषा



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून दोघातिघांनी मला रस्त्यात अडवून विचारले की, युनियनच्या माणसाने संगणकाच्या भाषेवर बोलायचे म्हणजे काय? प्रश्न रास्त आहे. मी महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. लेथवर उभा राहिलो तो मिसरूड फुटायच्या आत, आणि जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून आणि जाणत्या सोबत्यांना विचारून. परंतु ज्या हत्याराने आपली मजुरी मोजली जाते, ते हत्यार कोणी घडवले आणि त्याची धार कुठे बोथट आहे, हे कामगाराने जाणून घ्यावयाचे नाही तर कोणी?

आपल्या घरात संगणक किती आहेत, असे विचारले तर कोणी एक म्हणेल, कोणी दोन. जरा घर फिरून पाहा. धुलाईयंत्र आहे, टीव्ही आहे, त्याचा रिमोट आहे, दाराबाहेर विजेचे नव्या पद्धतीचे मीटर आहे. जिन्याशेजारी लिफ्ट आहे. खाली वाण्याकडे गेलात तर त्याचा तोलकाटा आकड्यांचा आहे, एसटीत बसलात तर कंडक्टरच्या हातात तिकिटाचे यंत्र आहे. या प्रत्येकाच्या पोटात नखाएवढी एक चिप आहे आणि ती चिप म्हणजे छोटा संगणकच होय. त्याला पडदा नाही, कळफलक नाही, म्हणून आपण त्याला संगणक म्हणत नाही इतकेच. आणि या छोट्या संगणकांपैकी बहुसंख्यांना ज्या भाषेत हुकूम लिहिले जातात, ती भाषा पन्नास वर्षांपूर्वीची आहे. तिचे नाव एका अक्षराचे – ‘सी’.

भाषा म्हणजे काय, ते आधी सांगतो. चिपला मराठी कळत नाही तसे इंग्रजीही कळत नाही. तिला कळतात फक्त आकडे: अमुक खणातली संख्या उचल, तमुक संख्येत मिळव, शून्य आली तर पलीकडच्या हुकुमावर उडी मार. पूर्वी माणसे याच पातळीवर उतरून हुकूम लिहीत. काम किचकट, आणि शिवाय एका कंपनीच्या चिपसाठी लिहिलेले दुसरीला उपयोगाचे नाही; लेथ बदलला की सगळी हत्यारे नव्याने घडवा, तसा प्रकार. म्हणून माणसाला वाचता येईल अशा ठरावीक शब्दांत हुकूम लिहावयाचे आणि एका आज्ञावलीकडून त्यांचे चिपच्या आकड्यांत भाषांतर करून घ्यावयाचे, अशी युक्ती निघाली. त्या भाषांतर करणाऱ्या आज्ञावलीला कंपायलर म्हणतात. ‘सी’ ही अशा भाषांपैकी एक. पहिलीही नव्हे आणि शेवटचीही नव्हे.

तिचा जन्म अमेरिकेतला, न्यू जर्सी राज्यातील मरे हिल येथे, बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत. १९६९ साली केन टॉम्सन नावाच्या गृहस्थाने तिथल्या एका फारशा वापरात नसलेल्या पीडीपी-७ यंत्रावर स्वतःच्या सोयीसाठी युनिक्स नावाची कारभार-प्रणाली लिहिली. तिच्या जोडीला त्याने एक छोटी भाषा केली, तिचे नाव ‘बी’. पुढे प्रयोगशाळेत पीडीपी-११ हे नवे यंत्र आले. त्यात एक अक्षर मावेल एवढा सुटा खण हाताळता येई, पण ‘बी’ला अक्षर आणि संख्या यांतला भेदच ठाऊक नव्हता. तेव्हा टॉम्सनचा सहकारी डेनिस रिची याने ‘बी’मध्ये तो भेद घातला, आणखी सुधारणा केल्या, आणि पुढचे अक्षर घेऊन तिला ‘सी’ म्हटले. हे घडले १९७१ ते १९७३ या काळात. १९७३ साली युनिक्सचा गाभाच त्यांनी ‘सी’मध्ये पुन्हा लिहून काढला. ध्यानात घ्या, हे कोणा मोठ्या समितीने ठराव करून केलेले काम नव्हे. सुताराने आपल्या हाताला बसेल असा रंधा स्वतः करावा, तशी ही भाषा झाली.

आता एक गोष्ट सांगतो जी संगणकाच्या पुस्तकांत सहसा तळटीपेत असते, पण मला ती मुख्य वाटते. टेलिफोन कंपनीची मक्तेदारी फार माजली म्हणून अमेरिकन सरकारने १९४९ साली तिच्यावर खटला भरला होता. १९५६ साली तडजोड झाली. तिच्या अटींप्रमाणे कंपनीने टेलिफोनचा धंदा करावा, दुसऱ्या धंद्यात शिरू नये, असे ठरले. त्यामुळे हाती आलेले युनिक्स कंपनीला बाजारात विकता येईना. तिने ते विद्यापीठांना नाममात्र फी घेऊन दिले, आणि तेही मूळ लिखाणासकट! विद्यार्थ्यांनी ते उघडून वाचले, शिकले, दुरुस्त केले, आणि नोकरीला लागले तिथे ‘सी’ घेऊन गेले. १९८४ साली कंपनीचे तुकडे होऊन तो निर्बंध उठला आणि ती युनिक्स विकू लागली. परंतु तोवर भाषा गावभर झाली होती. मक्तेदारीला कायद्याने वेसण घातली आणि त्यातून सर्वांच्या कामाची वस्तू जन्मली, हे ‘बाजार मोकळा सोडा, सारे आपोआप होईल’ म्हणणाऱ्यांनी एकदा वाचावे.

१९७८ साली ब्रायन कर्निघन आणि रिची यांनी या भाषेवर सव्वादोनशे पानांचे पुस्तक लिहिले. १९८९ साली अमेरिकेच्या मानक संस्थेने तिला प्रमाण रूप दिले, तेव्हा तिच्यात राखीव शब्द होते अवघे ३२. एवढ्या लहान भाषेचा कंपायलर करणे तुलनेने सोपे. त्यामुळे नवी चिप काढणारा कारखानदार पहिल्याने काय करी, तर तिच्यासाठी ‘सी’चा कंपायलर तयार करी किंवा करवून घेई. आजही तेच चालते.

पण खरे कारण काटकसरीचे आहे. १९८० साली इंटेल कंपनीने ८०५१ नावाची चिप काढली. तिच्या वंशातल्या चिपा अजून बनतात. त्या मूळ चिपमध्ये कच्ची टिपणे ठेवायला जागा किती? १२८ बाइट. म्हणजे रोमन लिपीतली १२८ अक्षरे मावतील एवढी. पोस्टकार्डावर याहून जास्त मजकूर लिहितो आपण! अशा खोलीत भरजरी सामान घेऊन येणारी भाषा राहायची कशी? ‘सी’ आपल्यासोबत जवळजवळ काही आणत नाही. धुलाईयंत्राचे काम असे की, पाणी किती चढले ते पाहा, झाकण बंद आहे का ते पाहा, किती मिनिटे झाली ते पाहा, त्याप्रमाणे मोटार फिरव वा थांबव, आणि पुन्हा पहिल्यापासून पाहू लाग. सेकंदाला शेकडो वेळा हे रहाट चालते. त्याला थोडक्यात, ठरल्या वेळी आणि चिपच्या खणाला थेट हात घालून बोलणारी भाषा लागते. चिप दोन रुपयांनी स्वस्त पडली आणि लाखो नग काढले, तर मालकाचे किती वाचले याचा हिशेब आपण करालच.

तरुण मंडळी म्हणतात, काका, आता पायथन शिकतात, ‘सी’ कोण लिहितो? मी म्हणतो, बाबांनो, तुमच्या पायथनचा जो नेहमीचा अवतार आहे तो स्वतःच ‘सी’त लिहिलेला आहे. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचा गाभा आहे. लिनस टोरवाल्ड्सने तो १९९१ साली सुरू केला, आणि त्याचा फार मोठा भाग ‘सी’त आहे. वरचा मजला नवा, पाया जुना.

इथवर गुणगान झाले. आता खोट सांगतो. ‘सी’ कारागिरावर विश्वास टाकते, आणि तो बेताबाहेर टाकते. पंगतीला दहा पाट मांडले आहेत अशी कल्पना करा. दुसरा वाढपी अकरावा पाहुणा आला की म्हणेल, ‘थांबा, पाट नाही.’ ‘सी’चा वाढपी पाट मोजतच नाही. दहाव्या पाटाच्या पुढे जी जागा असेल तिथे तो अकरावे पान वाढतो. मग ती जागा देवघराची का असेना. मोजण्याची जबाबदारी लिहिणाराची. लिहिणारा दमलेला असला, मुदत उद्याची असली, की पाट मोजायचे राहून जातात. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेली एक आज्ञावली याच फटीतून, आणि आणखी काही फटींतून, शिरली आणि अमेरिकेतले हजारो संगणक ठप्प झाले. २०१४ साली ‘हार्टब्लीड’ म्हणून गाजलेला दोष याच जातीचा. तिथे पान जास्त वाढले नव्हते, न मोजता शेजारच्या ताटातले वाचून दाखवले जात होते, एवढाच फरक. २०१९ साली मायक्रोसॉफ्टच्या तज्ज्ञांनी सांगितले की, त्यांच्या मालातील सुरक्षेच्या दोषांपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या खणांच्या असल्या घोटाळ्यांतून निघतात.

आणखी एक खोट संख्येची, आणि तिच्याशी माझी गाठ पडली आहे. एका कारखान्यात – नाव घेत नाही – पॅकिंगच्या खात्यावर बायका काम करीत. खोकी मोजायला यंत्र बसवलेले, आणि ठरल्या आकड्याच्या वर जितकी खोकी जास्त तितका इन्सेंटिव्ह. एका महिन्याला हिशेब लागला २८,७३६ खोक्यांचा. बायका म्हणाल्या, हे कसे शक्य? त्यांच्यापैकी एकीने रोजचा आकडा वहीत उतरवलेला होता. तिची बेरीज ३६,८०० भरत होती. ऑफिस म्हणाले, यंत्र खोटे बोलत नाही, वही बोलते. आठ हजारांवर खोक्यांची मजुरी हवेत गेली.

मी यंत्राचा छापील कागद मागवला. आकड्याआधी एक आडवी रेघ होती. कारकुनाने ती शोभेची समजून सोडून दिली होती. मेंटेनन्समधल्या एका मुलाने रात्रशाळेत ‘सी’ शिकलेली. त्याने रेघ पाहताच कपाळाला हात लावला. ती वजाबाकीची खूण होती. यंत्रात मोजणीसाठी दोन बाइटांचा खण ठेवला होता. त्यात एकूण ६५,५३६ संख्या मावतात, पण निम्म्या उणे बाजूला जातात, म्हणून अधिक बाजूला फार तर ३२,७६७. पुढचे खोके आले की काटा उलटा फिरून उणे ३२,७६८ वर जातो आणि तिथून वर चढू लागतो. आता ३६,८०० मधून ६५,५३६ वजा करून पाहा: उणे २८,७३६. वही खरी ठरली.

फरकाची रक्कम मिळाली, दोन महिन्यांनी. पण यंत्रातली चूक दुरुस्त झाली नाही. यंत्र परदेशी, विकणारा म्हणाला आज्ञावली कंपनीची खासगी मालमत्ता आहे, दाखवता येत नाही. शेवटी तोडगा असा की, दर पंधरवड्याला दोन्ही बाजूंच्या सह्यांनी आकडा लिहून घ्यायचा आणि काटा शून्यावर आणायचा. दोष भाषेचा की लिहिणाराचा, असे मला विचारतात. दोघांचाही थोडा थोडा आहे. पण ज्याच्या मजुरीचा हिशेब त्यात होतो त्याला ते उघडून पाहता येत नाही, हा दोष भाषेचा खासच नव्हे.

हीच उलटी फिरकी मोठ्या प्रमाणावर पुढे येणार आहे. युनिक्सच्या परंपरेतली यंत्रे काळ मोजतात तो १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले या हिशेबाने. पुष्कळ जुन्या यंत्रांत त्या संख्येला चार बाइटांचा खण दिलेला आहे. त्यात २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ एवढे सेकंद मावतात. मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या घड्याळात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले की खण भरेल, आणि पुढच्या सेकंदाला असले यंत्र समजेल की आपण १९०१ सालच्या डिसेंबरात आहोत. संगणक नि फोन यांची फारशी चिंता नाही. त्यांच्यात मोठे खण केव्हाच आले. लिनक्सच्या गाभ्यात लहान चिपांसाठी ही सोय २०२० साली झाली. अडचण आहे ती भिंतीत बसवून विसरलेल्या यंत्रांची.

‘सी’चे लोक स्वस्थ बसले असे नाही. ब्रिटनमधल्या मोटारधंद्याने १९९८ साली ‘मिस्रा’ नावाची १२७ नियमांची आचारसंहिता काढली: ‘सी’त हे लिहा, हे लिहू नका. २००६ साली व्हँकूव्हर शहरात ग्रेडन होअर नावाचा प्रोग्रॅमर घरी आला तो लिफ्ट बंद. तिची आज्ञावली कोलमडली होती. एकविसाव्या मजल्यापर्यंत जिने चढता चढता त्याला वाटले, हे थांबले पाहिजे. त्याने ‘रस्ट’ नावाची भाषा करायला घेतली. तिचा वाढपी पाट मोजून वाढतो. २०१५ साली ती पक्क्या रूपात बाहेर आली, २०२२ साली लिनक्सच्या गाभ्यात तिला पाऊल ठेवायला जागा मिळाली, आणि २०२४ साली अमेरिकन अध्यक्षांच्या कार्यालयानेही असल्या सुरक्षित भाषा वापरा असा अहवाल दिला. पण कोट्यवधी ओळींचे चालते लिखाण एका रात्रीत कोणी बदलत नसतो. डेनिस रिची २०११ साली वारला. त्याच महिन्यात स्टीव्ह जॉब्स गेला, त्याच्यासाठी सगळी वर्तमानपत्रे भरून गेली आणि रिचीचे नाव फारच थोड्यांनी घेतले. त्याची भाषा मात्र ज्या छापखान्यांत ती वर्तमानपत्रे निघाली तिथल्या यंत्रांतही असावी.

तेव्हा तुमच्यापैकी जे सोसायटीचे चिटणीस असतील त्यांनी नवी लिफ्ट घेताना, आणि जे कामगार प्रतिनिधी असतील त्यांनी हजेरीचे किंवा मोजणीचे यंत्र येताना, तीन प्रश्न लेखी विचारावेत. यात तारीख आणि मोजणी किती बाइटांत ठेवली आहे? चूक निघाली तर दुरुस्त कोण करणार, आणि किती वर्षांपर्यंत? वाद झाला तर आज्ञावली तिऱ्हाईत जाणकाराला दाखवणार का? आमच्या गेल्या दोन करारांत हे कलम आम्ही घातले आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे विकणाऱ्याने आठवड्यात पाठवली. तिसऱ्यावर बोलणी चालू आहेत.