वाचनवही कुणाची, गाईडची की आपली?

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने काय वाचले आणि त्यावर काय विचार केला, हे लिहून ठेवण्यासाठी वाचनवही असते. गोंदिया जिल्ह्यातील एका महाविद्यालयातल्या अशा वीसेक वह्या आम्ही चाळल्या. जातीची व्याख्या सर्वांची एकच, चुकाही त्याच. कारण गाईड एकच! एका मुलीने मात्र खाली स्वतःचे लिहिले होते : रोवणीला आम्ही सगळ्या बाया एकाच बांधीत असतो, पण पाण्याचा गुंड वेगळा. त्यावर लाल शाईचा शेरा होता, 'विषय सोडून'.

आम्ही विचारतो, हे विषय सोडून असेल तर विषय तरी कोणता?

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा ते २५ वर्षांचे विद्यार्थी होते. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या. एकीपुढेही मान तुकवली नाही. जातीबाहेर लग्नबंदी आणि जन्माने सदस्यत्व ही केतकरांनी दोन लक्षणे मानली. बाबासाहेबांनी त्या एकाच नाण्याच्या दोन बाजू ठरवल्या. परक्यांबरोबर न जेवणे हे नेसफिल्डने जातीचे लक्षण सांगितले. बाबासाहेबांनी दाखवले की हा परिणाम आहे, कारण नव्हे. मूळ आहे ते जातीतल्या जातीतच लग्न करण्यात. हा निबंध मे १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. वाचनवही याहून वेगळी काय असते?

त्या मुलीचा गुंड नेसफिल्डच्या पंगतीपाशी येऊन थांबला आहे. प्राध्यापकांनी तिला पुढचा प्रश्न द्यायला हवा होता : एका बांधीत राबणाऱ्या या घरांत सोयरीक होते काय? होत नसेल तर का? मग तिने बाबासाहेबांचा निबंध उघडला असता आणि पुस्तक व गाव यांची गाठ वहीतच पडली असती.

म्हणून आमचे विद्यार्थ्यांना सांगणे आहे. वहीचे डावे पान पुस्तकाला द्या, उजवे आपल्या वस्तीला. जे पटले नाही तेही कारणासह लिहा. गाईडची नक्कल करून गुण मिळतील. पण 'शिका' या शब्दाचा अर्थ नक्कल करा असा बाबासाहेबांनी कधीच सांगितला नव्हता. आणि त्या मुलीला सांगतो, पोरी, लाल शेऱ्याखाली जागा उरली आहे. पुढे लिही.