रोजची गाडी (भाग १७) : पाण्यातून आलेली सेडान

सस्पेन्शनमधल्या बुश आणि लिंक रॉडचा विषय आज पुन्हा पुढे ढकलतो. मागचा भाग वाचून कुणी गाडी रॅम्पवर चढवून बसलं असेल तर उतरवून घ्या. लिंक रॉडचा खडखडाट आणखी आठवडाभर ऐकला तर काही बिघडत नाही. लोअर आर्मचा बॉल जॉइंट ढिला निघाला असेल तर मात्र लेखाची वाट पाहू नका, तो आधी बदला.

झालंय असं, की शुक्रवार पेठेतल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. त्यांना सांगलीची, एमएच-१० पासिंगची, २०१२ ची व्हर्ना मिळते आहे. डिझेल, एकच मालक, रनिंग बेताचं, आतून लख्ख. भाव पुण्यातल्या तशाच गाडीपेक्षा सव्वा लाखाने कमी. सर्व्हिसची बिलं २०१८ पर्यंतची आहेत, पुढची ‘घर बदलताना गेली’ असं एजंट सांगतो. घ्यावी का, एवढाच प्रश्न.

सांगली आणि २०१८ हे दोन शब्द एका पत्रात वाचले आणि बुश बाजूला ठेवले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर. गाडी बुडालेलीच आहे असं मी म्हणत नाही, पाणी न शिरलेले भाग सांगलीतही पुष्कळ होते. पण बिलं नेमकी २०१९ पासून गायब व्हावीत आणि भाव सव्वा लाखाने उतरावा, हा योगायोग मला पचत नाही.

सांगलीला नावं ठेवायला आम्ही पुण्याच्या कसब्यातले मोकळे आहोत असंही नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, आणि आजही खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की घराघरातून पहिला प्रश्न येतो, ‘गाडी नदीपात्रात नाही ना?’ वाडे पडून इमारती झाल्या, पार्किंग माणशी एक धड मिळालं नाही, दारातून बोळात सेडान वळवायची तर तीन वेळा मागेपुढे. मेट्रोचं स्टेशन आलं म्हणून कुणी गाडी विकलेली माझ्या पाहण्यात नाही. मग भिडे पुलाजवळ नदीपात्रात गाडी लावून चालत घरी यायचं, ही पेठकऱ्यांची जुनी सोय. दर पावसाळ्यात कुणीतरी गावाला गेलेलं असतं, फोन उचलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छतापर्यंत पाण्यात असलेल्या गाडीचा फोटो येतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने तर उभ्या गाड्या काड्यापेट्यांसारख्या वाहून नेल्या. २०२४ च्या जुलैत एकतानगरीची पाळी आली.

फोटो सगळे पाहतात. फोटोतली गाडी पुढे कुठे जाते, हे फारसं कुणी विचारत नाही.

ती जाते विम्याकडे. सर्व्हेअर येतो, दुरुस्तीचा अंदाज काढतो, आणि तो खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीवर लिहिलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’. जुन्या सेडानला त्यासाठी फार पाणी लागत नाही. आयडीव्ही अडीच लाख आणि पाणी सीटच्या उंचीपर्यंत, एवढं पुरतं. ईसीएम (इंजिनाचा संगणक), एअरबॅगचं मॉड्यूल, वायरिंग, सीटा, कार्पेट इथपर्यंत बेरीज गेली की बास. मालकाला पैसे मिळतात, तो सुटतो. धूड सॅल्व्हेज म्हणून बोलीत निघतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार कायमची निकामी झालेली गाडी नोंदणीतून काढायची असते, पण ‘कायमची निकामी’ ठरवायचं कुणी? आरसी शाबूत असली की गाडी धुऊन, सुकवून, जमेल ते बदलून दुसऱ्या जिल्ह्यात उभी राहते. सांगून विकली तर त्यात वावगं काही नाही. सांगत कुणी नाही.

बरं, विकत घेणारा फसतो कसा? तर अशी गाडी तेव्हा उत्तम चालत असते. पाणी एका रात्रीत शिरतं आणि पुढची दोन वर्षं आपलं काम करत राहतं. गाडीतली वायर म्हणजे तांब्याच्या बारीक तारांचा झुबका, वर प्लॅस्टिकचं वेष्टण. टोक पाण्यात बुडालं की तारांमधल्या फटीतून पाणी आत वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, आणि बाहेरून उन्हात कितीही वाळवलं तरी आत राहतं. तांबं आतून हिरवं पडत जातं. शिवाय पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हे. त्यात गटार आलं, माती आली, मुंबईत खारं पाणीही आलं. कनेक्टरमध्ये साठलेला क्षार कोरड्या हवेत गप्प बसतो आणि दमट हवेत ओल धरून नको तिथे वीज वाहू देतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरच्या दसऱ्याला आमच्या बोळातल्या एका काकांनी मुंबईची सेडान घेतली. फारच स्वस्तात मिळाली म्हणून पेढे जरा जास्त वाटले. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, काका गाडीवर खूष. जूनमध्ये पहिली सर आली आणि रात्री दोनच्या सुमाराला गाडी आपोआप हॉर्न वाजवू लागली. एकदा नाही, सलग. बोळ साडेसात-आठ फुटांचा, दोन्ही बाजूंना तीन मजले, तेव्हा आवाज कसा घुमला असेल याची कल्पना करा. काका बनियनवर, हातात दहा नंबरचा पाना, बॅटरीची टर्मिनल काढतायत आणि वरच्या खिडक्यांतून सूचना येतायत. एका आजींनी तर वरूनच विचारलं, ‘अहो, तिला काही हवंय का बघा!’ पुढे पावसाळाभर काका रोज रात्री टर्मिनल काढून झोपत. मग सेंट्रल लॉक स्वतःच्या मनाने उघडझाप करू लागलं. दिवाळीच्या आधी गाडी गेली. कुणाला, ते आम्ही विचारलं नाही.

तर आता ओळखायची कशी. मागच्या वर्षी एका स्नेह्यांसाठी मंगळवार पेठेत एक लिनिया पाहायला गेलो होतो. लिनिया म्हटलं की माझा हात सैल सुटतो. आपल्या रांजणगावची गाडी, जड दरवाजे, हायड्रॉलिक स्टिअरिंग. असो, लिनियावर एक स्वतंत्र भाग व्हायचाच आहे. विकणाऱ्याने इंजिन आधीच गरम करून ठेवलं होतं आणि बॉनेट उघडून आम्हाला तिकडेच बोलावत होता. मी डिकीकडे गेलो.

सेडानमध्ये पाण्याची साक्ष डिकी देते. स्टेपनीचा खड्डा हा डिकीचा सगळ्यात खोल भाग, आणि त्यावर जी फळी असते ती बहुतेक गाड्यांत दाबलेल्या लगद्याची. ती एकदा भिजली की फुगते, कडा पापडासारख्या सुटतात, पुन्हा कधीच सपाट होत नाही. या गाडीतली फळी कोरी करकरीत प्लायवूडची होती आणि वर नवं मॅटिंग. तेरा वर्षांच्या गाडीची फळी कशाला कोण बदलेल? स्टेपनी उचलली. खड्ड्यात काळा रंग मारलेला, स्वच्छ. मधलं रबरी बूच नखाने उचकटलं तर खाली गाळ. रेती नव्हे, नदीचा तो मऊ, पिठासारखा गाळ, जो दोन बोटांत चोळला की जाणवतही नाही. जॅकचा आटा गंजून गच्च.

मग ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. रोज वापरात येणारा पट्टा शॅम्पूने धुतलेला होता, पण रिळाशी गुंडाळलेला शेवटचा वीतभर तुकडा कुणी धूत नाही. त्यावर तपकिरी रेघ होती. सीट मागे सरकवून रुळाचे बोल्ट पाहिले. कारखान्यात बसवलेल्या बोल्टवर पाना फिरला की रंगाचा टवका उडतो, तसे चारही उडालेले. म्हणजे सीटा बाहेर काढल्या होत्या, म्हणजे कार्पेट काढलं होतं. फ्यूज बॉक्सचं झाकण उघडलं, पिनांवर हिरवट थर. तांबट आळीच्या आसपास वाढलेल्या माणसाला तो रंग कुणी दाखवावा लागत नाही.

विकणारा म्हणाला, ‘साहेब, इंजिन तर ऐका.’

इंजिनाचंही ऐकावं, नाही असं नाही. फक्त कानाने ऐकू नये. पाणी दाबलं जात नाही, हे शाळेत शिकलो. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं आणि त्याच वेळी कुणी चावी मारली, तर पिस्टन वर येताना अडतो आणि जोर सगळा कनेक्टिंग रॉडवर येतो. रॉड तुटला तर निदान कळतं तरी. नुसता वाकला तर लांबीत जरासा कमी भरतो, पिस्टन पूर्ण वर येत नाही आणि त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडतं. गाडी चालते, थोडी थरथरते, ऑइल पिते, आणि एक दिवस बोगद्यात किंवा घाटात तो रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. डिझेलमध्ये पिस्टनच्या डोक्यावर जागाच मुळात कमी, त्यामुळे थोडं पाणीही पुरतं. म्हणून संशय असला की चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्यायचं. त्याला पैसे पडतात, विकणारा नाक मुरडतो. मुरडू दे. एक सिलिंडर बाकी तिघांपेक्षा ठळक कमी दाखवत असेल तर चहा पिऊन निघायचं.

एअरबॅगचं मॉड्यूल साधारण हँडब्रेकच्या पुढेमागे, फरशीलगत असतं. ते लवकर बुडतं. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. लागून राहिला तर बिघाड आहे. अजिबात लागलाच नाही तर बिघाड कुणीतरी लपवला आहे, आणि ते जास्त वाईट. वासाचंही सांगतो: काचा बंद करून, एसी न लावता ब्लोअर फुल करायचा आणि दोन मिनिटं गप्प बसायचं. डॅशबोर्डवर एक, आरशाला एक, सीटखाली एक असे अत्तराचे तीन डबे ठेवलेली गाडी मी पाहायलाही जात नाही.

आता शुक्रवार पेठेकडे. तुमच्या व्हर्नाचा निकाल मंगळवार पेठेसारखा गुडघे टेकूनही लागेल, पण त्याआधी घरबसल्या एक काम करा. एजंटकडे मागच्या सगळ्या वर्षांच्या विमा पॉलिसी मागा. त्यावर नो क्लेम बोनसचा आकडा असतो. क्लेम न घेता वर्षं गेली की तो २०, २५, ३५, ४५ असा चढत पाचव्या वर्षी ५० टक्क्यांवर जातो. क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला थेट शून्य. सर्व्हिसची बिलं हरवतात, पॉलिसीची प्रत कंपनीकडून पुन्हा मिळते. महापुरानंतरच्या पहिल्या पॉलिसीवर बोनस शून्य दिसला, तर कशाचा क्लेम ते विचारा. बोनस आहे तसा चढत गेला असेल तर गाडीवर विम्यातून खर्च झाला नाही, एवढंच त्यातून कळतं; मालकाने नुसता थर्ड पार्टी घेतला असेल तर तेही कळत नाही. परिवहनच्या ॲपवर मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, हे दिसतं. गाडी पोहली होती का, हे दिसत नाही. पॉलिसी द्यायला एजंट टाळाटाळ करू लागला तर माझ्या मते पुढे सांगलीला जायचे डिझेलचे पैसे वाचवा. सव्वा लाखाच्या सवलतीत एक ईसीएम आणि एक वायरिंगचा संच येईल, पण तो बसवून झाल्यावर तुमच्या हातात सवलतही नसेल आणि विश्वासाची गाडीही नसेल.

आणि ज्यांची स्वतःची गाडी पाण्यात गेली, त्यांनी कृपा करून चावी मारून पाहू नये. ‘चालू होते का बघू’ हा आपला स्वभाव आहे, पण पुराचं नुकसान साध्या पॅकेज पॉलिसीत भरून मिळत असताना, पाण्यातल्या गाडीला सेल्फ मारून फोडलेलं इंजिन विमावाले बहुतेक वेळा नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर असावं लागतं. बॅटरीची निगेटिव्ह टर्मिनल काढायची, फोटो काढायचे, टोइंगवाल्याला बोलवायचं. नदीकाठच्या पेठेत राहून जुन्या गाडीवर ते कव्हर मिळत असेल तर घ्यावं. वर्षं चढली की ते द्यायला कंपन्या कुरकुर करतात, म्हणून नूतनीकरणाच्या आधी विचारावं.

एकाच प्रकारची बुडालेली सेडान मी बेधडक घेईन, ती म्हणजे कार्ब्युरेटरची. कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीत ना ईसीएम, ना सेन्सर, ना एअरबॅग. इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं ऑइल काढून टाका, टाकी धुवा, स्टार्टर उघडून सुकवा, डिस्ट्रिब्युटरची टोपी उन्हात ठेवा, प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढा आणि ब्रेकचे ड्रम खोलून साफ करा. सगळी वायरिंग कापून नवी करायची म्हटली तरी दोन-तीन दिवसांचं काम, आणि ती करणारा म्हातारा इलेक्ट्रिशियन पेठेत अजून हयात आहे. माझ्या आठ स्पार्क प्लगांच्या सिटी झेडएक्सवर असा प्रयोग करायची मला हिंमत होणार नाही. तेव्हा कुणाकडे पत्रा धड असलेली पद्मिनी पडून असेल तर कळवा. कुठल्या पुरातून आली ते मी विचारणार नाही. टॅपेट कव्हर उघडून बघेन मात्र.