उसळीचा दाब आणि घरची अर्थिंग



या पानांवरून आम्ही नेहमी बेणे, खोडवा, हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय विजेचा आहे. तसा तो आमचा नव्हे, आम्ही शेतकी पदविकेचे. पण उन्हाळ्यात प्लॉट पाहणीस वस्तीवर गेलो की चहाआधी गाऱ्हाणे येते ते टीव्ही जळाल्याचे, नाहीतर फ्रीजचा बोर्ड गेल्याचे.

मागील वळवात एका सभासदाचे असेच झाले. नव्या टीव्हीला ‘स्पाईक गार्ड’ लावा, असे त्यांना आम्हीच सांगितले होते. त्यांनी तो लावला. डी.पी.च्या अंगाला वीज कडाडली आणि टीव्ही गेला तो गेलाच. “साहेब, तुमचं ऐकलं अन् पैसं पाण्यात गेलं,” असे ते म्हणाले. आम्हांस उत्तर देता आले नाही. वायरमनला नेऊन भिंतीतला बोर्ड उघडविला, तेव्हा वरच्या मोठ्या भोकाची अर्थिंगची तार मागे कोठेच जोडलेली नव्हती!

मेख येथेच आहे. या साधनात जस्ताच्या ऑक्साईडची बटणाएवढी चकती असते. नेहमीच्या २३० व्होल्टला ती गप्प बसते. दाबाने एकाएकी मोठी उसळी घेतली की तीच वाट मोकळी करून जादा वीज काढून देते. तलावाचा सांडवाच म्हणा. फेज आणि न्यूट्रल यांच्यामधली उसळी ती अर्थिंगवाचूनही थोडीफार झेलते. पण आकाशातल्या विजेची उसळी दोन्ही तारांवरून येते, तिला जमिनीतच वाट लागते. सांडव्यापुढे चर नसेल तर पाणी रानात शिरणारच. आणि एम.सी.बी.वर भिस्त ठेवू नका. ती पडायच्या आत उसळी येऊन जाते.

म्हणून आधी अर्थिंग. काळ्या रानात ओल टिकते, मुरमाड माळावर मात्र उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडतो. कोळसा-मीठ घालून पुरलेल्या नळीत अधूनमधून दोन घागरी पाणी ओतावे. उसाला पाण्याची पाळी चुकवत नाही, हिची का चुकवावी?

दुसरी गोष्ट याहून वाईट. डी.पी.कडचा न्यूट्रल तुटला तर एका घरात दिवे मिणमिणतात, शेजारी लखलखतात. दाब ४०० व्होल्टच्या घरात जाऊ शकतो आणि तो क्षणभराचा नसतो, टिकून राहतो. येथे ती चकती कामाची नाही. उलट तापून जळते, प्रसंगी पेटही घेते. बल्ब एकाएकी लख्ख झाला, पंखा सुसाट सुटला, की तडक मेन स्विच बंद करा. दाब चढताच लाईन तोडणारे व्होल्टेज प्रोटेक्टर वेगळे मिळते, ते वायरमनकडून मीटरजवळ बसवून घ्यावे.

स्पाईक गार्ड घेताना लाल दिवा आणि चार भोके पाहून भुलू नये. खोक्यावर ज्यूलचा किंवा किलोअँपिअरचा आकडा नसेल तर तो बहुधा नुसता जोडबोर्ड. चकती उसळ्या खाऊन झिजते. संरक्षणाचा वेगळा दिवा असेल आणि तो विझला, तर भोकांत लाईट असूनही बोर्ड बदलावा.

प्रत्यक्ष घरावर वीज पडली तर असला बोर्ड पुरा पडत नाही. आभाळ भरून आले की आधीच पिना उपसाव्यात, डिशची तारसुद्धा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र हात लावू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर विजेचा इशारा देते, ते घालून घ्या.

त्या सभासदांनी अर्थिंगचा खड्डा नव्याने भरून घेतला, तोही मोरीच्या पाण्याजवळ, म्हणजे ओल राहते. ही युक्ती त्यांच्या घरच्या बाईंची. टीव्ही मात्र अजून आणलेला नाही, आम्ही दिसलो की विचारतात, “साहेब, पुढचा हप्ता कधी?”