शेडचं काम संपलं, पैसे कुठं अडकले? टप्प्याटप्प्याच्या बिलासाठी मोबाईल ॲप निवडताना हे पाहा

गावोगावी फॅब्रिकेशनवाले, बांधकामाचे छोटे ठेकेदार, सोलर आणि पाइपलाइनची कामं घेणारे तरुण वाढलेत. काम चोख होतं, हिशेब मात्र डायरीत आणि व्हॉट्सॲपवर विखुरलेला असतो. सहा महिन्यांनी ‘तुमचं सगळं दिलंय’ असं समोरचा म्हणाला, की दाखवायला कागद नसतो. म्हणून अनेकजण बिलाचं ॲप घेतात. पण तिथंच पहिली चूक होते, ती म्हणजे दुकानाचं ॲप कामाच्या ठेक्याला लावणं.

दुकानाचं बिल वेगळं, कामाचं बिल वेगळं

किराणा दुकानात माल दिला, पैसे घेतले, व्यवहार संपला. ठेक्याचं तसं नसतं. समजा, दूध संकलन केंद्राच्या पत्र्याच्या शेडचं काम ३ लाखांना ठरलं. उचल ३० टक्के म्हणजे ९० हजार, सांगाडा उभा राहिल्यावर ४० टक्के म्हणजे १ लाख २० हजार, काम पूर्ण झाल्यावर २५ टक्के म्हणजे ७५ हजार. उरलेले ५ टक्के, म्हणजे १५ हजार, सहा महिने अनामत. काम एक, पण पैसे चार वेळा येणार. यातले शेवटचे १५ हजारच बहुतेक वेळा विसरले जातात.

त्यामुळे ॲप बघताना पहिला प्रश्न हा विचारायचा: एका कामाच्या नावाखाली कोटेशन, सगळी बिलं, आलेले पैसे आणि बाकी एकाच ठिकाणी दिसते का? दिसत नसेल तर ते ॲप कितीही स्वस्त असलं तरी या धंद्याच्या कामाचं नाही.

कापलेले पैसे बुडालेले नसतात

तेच ३ लाखांचं काम ग्रामपंचायतीचं असेल तर १८ टक्के जीएसटी धरून बिल ३ लाख ५४ हजारांचं होतं. करार अडीच लाखांच्या वर असल्यानं २ टक्के जीएसटी टीडीएस कापला जातो, म्हणजे ६ हजार. ठेकेदार एकटा मालक असेल तर आयकराचा टीडीएस १ टक्का, म्हणजे ३ हजार. दोन्ही कपाती जीएसटी सोडून मूळ रकमेवर होतात. सुरक्षा ठेव किंवा उपकर कापला तर तो वेगळा.

हे ९ हजार ठेकेदाराचेच असतात. जीएसटीची कपात पोर्टलवर मान्य केली की ती कॅश लेजरमध्ये जमा होते आणि कर भरायला वापरता येते. आयकराची कपात पॅनवर दिसते आणि रिटर्न भरताना हिशेबात धरली जाते. पण ॲपमध्ये ‘३ लाख ४५ हजार आले’ एवढंच लिहिलं, तर उरलेले ९ हजार उधारी दिसतात किंवा कायमचे विसरले जातात. पैसे जमा करताना कपातीचा वेगळा रकाना ॲपमध्ये आहे का, हे घेण्याआधीच पाहावं.

पहिलं बिल करण्याआधी

१. नाव, पत्ता, पॅन आणि बँक खातं नीट भरा. जीएसटी नोंदणी असेल तरच नंबर टाका. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावता येत नाही. कंपोझिशन योजनेत असणाऱ्यांनाही ग्राहकाकडून कर घेता येत नाही. ठेक्याच्या कामात वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली, की नोंदणी लागते.

२. बिल नंबरची पद्धत ठरवा. नंबर सलग हवा, एका आर्थिक वर्षात पुन्हा यायला नको आणि १६ अक्षरांपेक्षा मोठा नको. उदाहरणार्थ, २६-२७/००१.

३. प्रत्येक कामाला वेगळं नाव द्या. सरकारी काम असेल तर कार्यारंभ आदेशाचा नंबर आणि तारीख बिलावर येईल असं करा.

४. टप्पे आणि त्यांची टक्केवारी कोटेशनमध्येच लिहा आणि समोरच्याची सही घ्या. ॲप फक्त नोंद ठेवतं, शब्द पाळायला लावते ती सही.

५. जुनी येणी आधी भरा. नाहीतर पहिल्याच दिवसापासून हिशेब अर्धवट राहतो.

नोंदणी असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: सेवेच्या कामात उचल मिळाली तरी त्यावर जीएसटीची जबाबदारी येते. हे आणि कराचा दर, दोन्ही कर सल्लागाराला एकदा विचारून मगच ॲपमध्ये बसवावं. आणि दिलेलं बिल चुकलं तर डिलीट करू नये, क्रेडिट नोट काढावी.

पैसे भरण्याआधी आठ दिवस वापरा

टॅली, व्यापार, झोहो अशी बरीच नावं बाजारात आहेत. जाहिरात बघून वर्षभराचे पैसे भरू नका. एक झालेलं काम आधी त्यात भरून बघा. रेंज नसताना बिल निघतं का? पीडीएफमध्ये मराठी अक्षरं नीट येतात का? फोन हरवला तर डेटा दुसऱ्या फोनवर परत येतो का? सगळा हिशेब एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का? वर्गणी संपल्यावर जुनी बिलं दिसतात का? शेवटचे दोन प्रश्न महत्त्वाचे, कारण जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात.

ॲप बसवून देणाऱ्याला ओटीपी किंवा बँकेचा पासवर्ड सांगायचा नाही, बिल करायला त्याची गरज नसते.

एवढं झालं, की दर शनिवारी दहा मिनिटं काढून ‘बाकी’ची यादी उघडायची आणि ज्याची तारीख उलटली त्याला बिलाची पीडीएफ पाठवायची. कागद समोर असला, की उधारी मागताना आवाज चढवावा लागत नाही.