फौजेतली वीज, पेठेतली वायर

दिघी, धानोरी, विश्रांतवाडी या पट्ट्यात कुणाचा गीझर बंद पडला की शेजारी हमखास सांगतात, 'अहो, वरच्या मजल्यावरच्या सुभेदारसाहेबांना विचारा ना!' ज्याने आयुष्यभर रडार आणि रणगाडे चालू ठेवले त्याला गीझर म्हणजे किरकोळ, असा आपला समज. गीझर किरकोळ आहेच. अडचण आहे ती गीझरमागच्या भिंतीत.

असे साहेब पुण्यात पुष्कळ. खडकीला बॉम्बे सॅपर्स आणि लष्कराचं बेस वर्कशॉप, दापोडीला मिलिटरी इंजिनिअरिंग कॉलेज, लोहगावला हवाई दल आणि घाट गाठला की लोणावळ्यात नौदलाचं 'आयएनएस शिवाजी'. जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. तेव्हा मुलं शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात. सर्वांत सोपी वाट सुरक्षा रक्षकाची. माजी सैनिकांसाठीचं पुण्यातलं राज्य सरकारचं महामंडळ 'मेस्को' प्रामुख्याने हेच काम मिळवून देतं. पण ज्याच्या हाताला मल्टिमीटरची सवय आहे त्याने सोसायटीच्या गेटवर वहीत गाड्यांचे नंबर लिहीत बसावं, हे मला पटत नाही. घरगुती वीजकाम हा त्याच्यासाठी खरा धंदा आहे. मात्र तो त्याला येतोच, असं धरून चालत नाही.

लष्करी गाडीत 24 व्होल्टची बॅटरी असते आणि परतीची तार म्हणून गाडीचा लोखंडी सांगाडाच वापरतात. विमानात 115 व्होल्टची एसी वीज असते, तीही 400 हर्ट्झची, कारण वारंवारता वाढली की ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी लहान नि हलक्या होतात. युद्धनौकेवर तर साधारणपणे कुठलीच तार जहाजाच्या धातूला जोडलेली नसते. तिथे एक फेज चुकून सांगाड्याला टेकली तरी पुरवठा खंडित होत नाही; निदर्शक दिवा बिघाड दाखवतो, मग तंत्रज्ञ तो शोधून काढतात. लढाईत पंप बंद पडून चालणार नाही, म्हणून ही रचना.

घरी सगळंच उलट. 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, आणि न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी मुद्दाम जमिनीत उतरवलेला. म्हणून ओल्या फरशीवर उभं राहून एकाच तारेला हात लागला तरी वर्तुळ पुरं होतं. आणि सांगाड्यातून परत आणायची ती गाडीतली सवय? न्यूट्रल तुटला म्हणून अर्थिंगच्या तारेवर दिवा पेटवून देणारे कारागीर आपल्याकडे कमी नाहीत. दिवा लागतो, गिऱ्हाईक खूश होतं. पुढे कधी ती अर्थिंगची तार वाटेत सुटली, की त्याच तारेवरच्या फ्रिजचं नि गीझरचं अंग विजेने भारलं जातं. एमसीबी इथे वाचवत नाही. ती वायरीला जपते, माणसाला नाही. माणसासाठी आरसीसीबी, 30 मिलिअँपिअरवर तुटणारी.

याहून कठीण गोष्ट कागदांची. फौजेत प्रत्येक केबलला नंबर, प्रत्येक यंत्राचा नकाशा, प्रत्येक दुरुस्तीची नोंद. सदाशिव पेठेतल्या वाड्यात लाकडी पट्टीवरची वायर, तिच्यावर केसिंग-कॅपिंग, त्यावर कुणीतरी ओढलेली कूलरची लाइन. नव्या फ्लॅटमध्ये सगळं भिंतीच्या पोटात आणि बिल्डरचा वायरमन केव्हाच दुसऱ्या साइटवर गेलेला. काळी वायर न्यूट्रल असेल, हिरवी अर्थिंग असेल, याची खात्री नाही. बटण कधी फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं निघतं: दिवा विझतो, होल्डरमध्ये वीज तशीच. जुना तंत्रज्ञ इथे रंगावर विसंबला तर फसतो.

कायद्याचीही एक मेख आहे. 1956च्या वीज नियमांपासून आजच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांपर्यंत तत्त्व तेच राहिलं: दिवा, पंखा, फ्यूज, बटण जसंच्या तसं बदलायला परवाना लागत नाही. नवा पॉइंट काढायचा, एसीची लाइन ओढायची, तर काम परवानाधारक ठेकेदाराचं. वायरमनकडे परमिट हवं आणि देखरेखीला प्रमाणित पर्यवेक्षक हवा. छातीवरची पदकं इथे चालत नाहीत. आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री अभ्यासक्रम दोन वर्षांचा, घरची जबाबदारी असलेल्याला तो लांबतो. त्यापेक्षा निवृत्तीआधीच्या शेवटच्या दोन वर्षांत संरक्षण खात्याचं पुनर्वसन महासंचालनालय जे अल्प मुदतीचे वर्ग चालवतं, त्यांची चौकशी गणवेश अंगावर असतानाच केलेली बरी.

पुण्याला ही कल्पना नवी नाही. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना हातकाम शिकवायला 1917 मध्ये मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीला आली, आणि अपंग सैनिकांना आजही तिथे धंदेशिक्षण मिळतं.

शिकवायला कुणी नाही ते दर सांगणं. युनिटमध्ये माल मागणीपत्रावर येतो. इथे तपकीर गल्लीत जाऊन अस्सल नि नकली आयएसआय शिक्क्याची वायर स्वतः पारखायची, उधारी ठरवायची. आणि बिघाड शोधायला दोन तास गेले, सैल स्क्रू आवळायला दोन मिनिटं, तर बाई विचारणारच, 'एवढ्याचे पाचशे?' या प्रश्नाला साहेब बहुधा 'राहू द्या, ताई' म्हणून मोकळे होतात. पहिल्या वर्षी धंदा बसतो तो बहुतेक इथेच.