शरीरातील धातू आणि त्याचे कवच

भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध. आणि ज्या तांब्यापासून पितळ घडते, त्या तांब्याच्या व रुप्याच्या अत्यल्प अंशानेही सूक्ष्म जीव मरतात, ही गोष्ट स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांच्या १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या लेखाने शास्त्राच्या दप्तरी दाखल झाली. रुप्याचा हाच गुण मोडलेल्या हाडात बसवलेल्या धातूला कवच म्हणून कामी येतो.

धोका : रोवणीच्या दिवसांत बांधीच्या चिखलात नडगी मोडून हाड बाहेर आले, तर आत बसवलेली टायटॅनियमची वा पोलादाची सळई आधार देते खरी, परंतु तिच्या निर्जीव पृष्ठावर जंतूंनी एकदा ठाण मांडून भोवती चिकट पापुद्रा विणला, की औषधाची मात्रा चालत नाही आणि पुष्कळदा सळईच काढावी लागते. अस्थिशल्यविशारद अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये या झटापटीस पृष्ठभागासाठी शरीराच्या पेशी व जंतू यांच्यात लागलेली शर्यत म्हटले.

बंदोबस्त : १९७० मध्ये हॅम्बुर्गचे शल्यविशारद बुखहोल्झ यांनी सांधेरोपणाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळल्याचा अनुभव प्रसिद्ध केला, पुढे त्याच औषधाचा पातळ लेप दिलेल्या सळयाही युरोपात निघाल्या. रुप्याच्या लेपातून सुटणारे आयन जंतूंच्या आवरणावर व प्रथिनांवर आघात करतात.

मर्यादा : रुपे अधिक झाले, तर जंतूंबरोबर हाडाच्या पेशीही दगावतात, सळई ठोकताना लेप खरवडला जाण्याची भीती असते, आणि जखम स्वच्छ धुण्याचे मूळ कर्तव्य कोणताही लेप माफ करीत नाही.