पेशवाईच्या फौजेत पूर्वज शोधताना

आमचे मूळपुरुष इंग्रजांविरुद्धच्या आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याबरोबर होते, असे सांगणारी घरे सोलापूर जिल्ह्यात आहेत. आजच्या मोहोळ तालुक्यातल्या आष्टीजवळ फेब्रुवारी १८१८ मध्ये गोखले पडले आणि मे महिन्यात इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेने सोलापूरचा किल्ला घेतला, त्यामुळे असे सांगणे अशक्य कोटीतले नाही. गैरसमज पुढे आहे. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला तेव्हा सगळे कागद गेले, असे काहींना वाटते. पण पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही मोडीतले कोट्यवधी कागद आहेत. मग तिथे आपल्या माणसाचे नाव असणारच, असे दुसरे टोक गाठले जाते. फौजेची रचना पाहिली की हेही टिकत नाही. सरदाराला सरंजाम मिळे आणि त्या बदल्यात ठरलेली घोडी हजर करण्याची जबाबदारी त्याची असे. सरकारचा हिशेब मुख्यतः अशा पथक्याशी, म्हणजे पथकाच्या सरदाराशी होता. शिलेदार स्वतःच्या घोड्यावर येई, बारगीर दुसऱ्याच्या घोड्यावर बसे, आणि या बारगिराचे नाव पेशव्यांच्या हुजूरच्या कागदांपर्यंत पोहोचण्याचे कारण क्वचितच घडे. म्हणून नाव सापडले नाही, एवढ्यावरून पूर्वज लढला नाही असे म्हणता येत नाही. उलट नुसते आडनाव जुळले म्हणून तो आपलाच, हेही धरता येत नाही. जाधव, शिंदे, पवार गावोगावी आहेत. गाव, बापाचे नाव आणि वतन किंवा जमीन यांतल्या किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय नाते मानू नये.

यावर कोणी विचारील, मग सामान्य शिपायाचा माग लागणारच नाही का? लागतो, पण तो बहुधा लढाईच्या कागदात नसतो, जमिनीच्या कागदात असतो. कामी आलेल्याच्या घरच्यांना बालपरवेशी म्हणून नेमणूक किंवा जमीन दिली जाई, आणि ती चालू ठेवायची तर वारसाचे नाव लिहावे लागे. पुढे इंग्रजांच्या इनाम कमिशनने, विशेषतः १८५२ च्या कायद्यानंतर, इनामदारांकडे हक्काचा पुरावा मागितला. तेव्हा दिलेल्या कैफियतींत वंशावळ असते, आणि माझ्या मते शोध घेणाऱ्याला याहून मोलाचा कागद नाही. मात्र कैफियत देणाऱ्याचे उत्पन्न पणाला लागलेले होते. इनाम जितके जुने तितका हक्क बळकट. त्यामुळे अलीकडच्या दोन-तीन पिढ्या विश्वासार्ह मानाव्यात आणि त्यामागच्या पराक्रमाला मूळ सनदेचा आधार शोधावा. घरातली तलवार हा असा आधार होत नाही, कारण ती विकतही मिळे. तोंडी परंपरा टाकाऊ आहे असा याचा अर्थ नाही. मूळ गाव आणि कुलदैवत बहुतेकदा तिच्यातूनच कळते, आणि दप्तर चाळायचे ते प्रांत-परगण्याने, आडनावाने नव्हे. म्हणून आजोबांच्या नावच्या जमिनीच्या फेरफारापासून एकेक पिढी मागे जावे. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्या मधल्या पिढ्यांना उपयोगी पडतात.

कागद हाती आल्यावरही तारीख चकवते. ‘समान अशर मयातैन व अलफ’ म्हणजे १२१८. हे सुहूर सन आहे. ते मृगाला सुरू होते, आणि त्यात ५९९ मिळवले की जून १८१७ पासूनचे वर्ष येते, म्हणजे आष्टीचेच. तोच आकडा हिजरी समजून वाचला तर १८०३ येते, आणि आष्टीचा स्वार त्या वर्षीच्या असईच्या रणात जाऊन पडतो.